घरकामाच्या ताईंना घर आणि उत्पन्न लिहून ठेवताना

‘माझ्या पश्चात नातेवाइकांनी ताईंना सांभाळावे, अशी माझी इच्छा आहे.’ हे वाक्य कृपा करून मृत्युपत्रात लिहू नका. ते मनापासून लिहिलेलं असतं, पण त्यातून ताईंच्या हाती काही पडत नाही. किती रुपये, कुठल्या पैशातून, कोणी द्यायचे, किती दिवस, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. नुसती इच्छा पाळली नाही म्हणून कोणाला कोर्टात उभं करता येत नाही.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली आणि शेवटची बरीच वर्षं मृत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर होते. असा कागद हातात धरून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आयुष्याची उमेदीची वर्षं एका घरात गेलेली, आजारपणं काढलेली, आणि कागदावर फक्त ‘सांभाळावे’. त्यांना समजावून परत पाठवताना फार वाईट वाटायचं. म्हणून स्वतःचं मृत्युपत्र करताना मी एकेक कलम ताईंच्या जागी बसून वाचलं. तेच इथे सविस्तर सांगते.

माझी परिस्थिती आधी सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. मी विधवा आहे, मूलबाळ नाही. कोथरूडमधली सदनिका माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावर. ठेवी आहेत, थोडे म्युच्युअल फंड आहेत. जवळची माणसं म्हणजे बहिणीची मुलगी आणि दिरांचे दोन मुलगे. आणि ताई. आधी सकाळच्या पोळ्यांना यायच्या. यजमानांच्या आजारपणात रात्रीच्याही थांबू लागल्या, त्या आता इथेच राहतात. त्यांच्या मुलाचा संसार एका खोलीत आहे. माझ्यानंतर त्यांनी जायचं कुठे, या प्रश्नापासून मी सुरुवात केली.

मृत्युपत्र केलंच नाही तर

घरकाम करणारी व्यक्ती कायद्याने वारस नसते, मग ती कितीही वर्षं घरात राहिलेली असो. 2012 मध्ये गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की राखणदार किंवा नोकर यांना दीर्घकाळच्या वास्तव्यामुळे त्या मिळकतीत हक्क मिळत नाही. मालकांच्या दृष्टीने हा निकाल रास्त आहे. पण ज्यांना आपल्या ताईंसाठी काही करायचं आहे, त्यांनी त्यातून एवढं घ्यावं की लिहून ठेवल्याशिवाय काही होणार नाही.

नातेवाइकांचंही गृहीत धरू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 च्या कलम 15 प्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या कमाईची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेली असेल तर ती वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे माझ्या पगाराचं घर पुतण्यांना गेलं असतं आणि माझ्या दुखण्याखुपण्याला धावून येणाऱ्या भाचीला त्यात एक पैसा मिळाला नसता. कित्येक शिकल्यासवरल्या बायकांना हे माहीत नसतं. हे वाचून तरी आपल्या नावावरची मिळकत कुठून आली ते एका कागदावर मांडा: स्वकष्टाची, माहेरची, की सासरची.

हे सगळं मी हिंदू कायद्याला धरून लिहिते आहे. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशच मिळकत मृत्युपत्राने देता येते, बाकीची ठरलेल्या वारसांची. गोव्यात मुलं किंवा आईवडील असतील तर अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते आणि मृत्युपत्र करण्याची रीतही वेगळी आहे. तिथल्या नोटरीकडेच जावं. शेतजमीन ताईंना द्यायची असेल तर त्या शेतकरी आहेत का हे आधी बघा. बिगरशेतकऱ्याच्या नावे जमीन करताना कूळकायदा आडवा येतो.

हयातीत देऊन टाकावं का?

पैसे थोडे असतील तर जरूर द्या, आत्ताच. ताईंच्या नातीची फी मी मृत्युपत्रात लिहिली नाही, भरून मोकळी झाले. पण घराचं बक्षीसपत्र करायचं म्हटलं तर परक्या व्यक्तीच्या नावे पूर्ण मुद्रांक शुल्क भरावं लागतं. शिवाय नात्याबाहेरच्या माणसाला वर्षभरात 50,000 रुपयांच्या वर मिळालेली भेट त्याच्या करपात्र उत्पन्नात धरतात. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, आणि त्याने मिळालेल्या रकमेवर घेणाऱ्याला आयकरही नाही. इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्यूनंतर मिळकतीवर लागणारा कर, तर 1985 मध्येच रद्द झाली. आणखी एक: बक्षीसपत्र केलं की घर गेलं, मृत्युपत्र मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. म्हाताऱ्या माणसाने आपल्या डोक्यावरचं छप्पर हयातीत कोणालाच देऊ नये, पोटच्या मुलालाही नाही, हे माझं ठाम मत आहे.

पगाराचं मात्र वेगळं. ‘तुला पुढे देणारच आहे’ म्हणून आज कमी पगार देणं हा अन्याय आहे. पगार वेळच्या वेळी, तोही त्यांच्या एकटीच्या नावाच्या बँक खात्यात जमा करा. पुढे मृत्युपत्रातले पैसे त्याच खात्यात जायचे आहेत, आणि त्या किती वर्षं तुमच्याकडे होत्या याची नोंदही आपोआप तयार होते. त्यांचं पॅन कार्डही आत्ताच काढून द्या. ते नसेल तर पुढे व्याजातून जास्त दराने कर कापला जातो.

घर: मालकी एकीकडे, राहण्याचा हक्क दुसरीकडे

घर सरळ ताईंच्या नावे करता येतं. मी त्यावर खूप विचार केला आणि तसं केलं नाही. ताई भिडस्त आहेत. घर त्यांच्या मालकीचं झालं की विकण्यासाठी त्यांच्यामागे तगादा लागेल आणि वर्षभरात त्या पुन्हा कोणाच्या तरी खोलीत दिवस काढतील, ही भीती मला वाटली. त्यांना विकता येणार नाही असा हक्क जास्त भक्कम. मालकी भाचीला, तहहयात राहण्याचा हक्क ताईंना, अशी मी विभागणी केली.

ही विभागणी दोन प्रकारे लिहितात. ‘आधी ताईंना, त्यांच्यानंतर भाचीला’ असं लिहिलं तर मधल्या काळात मालक कोण यावर सोसायटीत आणि महापालिकेत घोळ होतो. त्यापेक्षा मालकी पहिल्या दिवसापासून भाचीकडे आणि तिच्यावर ताईंच्या हक्काचं बंधन, हे सुटसुटीत. सोसायटीचं भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) भाचीच्या नावे होतं, सभासद तीच. माझ्या मृत्युपत्रातलं कलम साधारण असं आहे:

‘सदर सदनिकेची मालकी माझ्या पश्चात माझी भाची हिच्याकडे जाईल. परंतु श्रीमती (आधार कार्डावरील पूर्ण नाव) यांना सदर सदनिकेत त्यांच्या हयातीपर्यंत विनाभाडे व विनाअडथळा राहण्याचा हक्क राहील व माझ्या भाचीची मालकी सदर हक्काच्या अधीन राहील. त्यांना सदनिका विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अगर भाड्याने देण्याचा अधिकार राहणार नाही. त्यांच्यासोबत त्यांच्या पसंतीची एक व्यक्ती राहू शकेल.’

शेवटच्या वाक्यासाठी मी वकिलांशी वाद घातला. त्यांचं म्हणणं, एकाचे चार होतील. मी म्हटलं, सत्तरीतल्या बाईला एवढ्या घरात एकटीने राहा म्हणणं मला पटत नाही. आणि चार होऊ नयेत म्हणूनच ‘एक व्यक्ती’ लिहू या.

एवढ्यावर थांबू नका. भांडणं पुढच्या बारीकसारीक गोष्टींवरून होतात. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिळकतकर कोणी भरायचा? माझ्याकडे भाचीने, कारण मालकी तिची. वीज आणि गॅस ताईंनी. मोठी दुरुस्ती निघाली तर मालकाने. ताई गावी जाऊन राहिल्या तर? ‘दवाखान्याचं कारण वगळता सलग एक वर्ष न राहिल्यास हक्क संपेल’ असं लिहिलं आहे, आणि त्यांना स्वतःला सोडायचं असेल तर त्या हक्कसोड लिहून देऊ शकतात. भांडी, फ्रिज, पलंग, शिलाई मशीन यांचाही उल्लेख करा. घरातलं सामान त्यांना वापरता येणार नसेल तर रिकाम्या भिंतींत राहून काय करायचं?

पुण्यात राहता तर रीडेव्हलपमेंटचं कलम हवंच. आमची इमारत जुनी आहे, आज ना उद्या पाडणार. तेव्हा बिल्डर दरमहा भाडं देतो, सामान हलवायला पैसे देतो, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी देतो आणि शेवटी नवी सदनिका देतो. मी लिहिलं आहे की भाडं आणि सामान हलवण्याचे पैसे ताईंना, कॉर्पस भाचीला, आणि राहण्याचा हक्क जसाच्या तसा नव्या सदनिकेत. हे नसतं तर इमारत पाडल्याबरोबर ताईंचा हक्कही गेला, असं म्हणायला कोणीतरी पुढे आलंच असतं.

उत्पन्न: नुसतं छप्पर देऊन चालत नाही

इथे तीन रस्ते आहेत.

पहिला, एकरकमी पैसे. लिहायला सोपा, कोणावर अवलंबून राहणं नाही. पण रक्कम एकदम हाती आली की नातेवाइकांच्या गरजाही एकदम उभ्या राहतात.

दुसरा, ताईंच्या नावाने विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे आयुष्यभर ठरावीक पेन्शन घ्यावी असं लिहिणं. ऐकायला छान. पण भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चं कलम 174 वाचा: वार्षिकी घेण्यासाठी ठेवलेली रक्कम वार्षिकी न घेता रोखच द्या, असं म्हणण्याचा पर्याय त्या व्यक्तीला असतो. म्हणजे फिरून पहिल्याच रस्त्यावर.

तिसरा, विश्वस्त नेमणं. मुद्दल विश्वस्तांच्या ताब्यात, व्याज दरमहा ताईंच्या खात्यात, आणि त्यांच्यानंतर मुद्दल नातेवाइकांना. कागदावर हा सर्वांत नीटनेटका. पण विश्वस्तांना वेगळं पॅन, विवरणपत्र, हिशेब हे सगळं करावं लागतं, आणि वर्षानुवर्षं उत्साहाने हे करणारी माणसं मिळायला हवीत. पन्नास लाखांच्या खालच्या रकमेसाठी मी हा खटाटोप सुचवणार नाही. शिवाय दर महिन्याला ‘या वेळचे आले नाहीत हो’ असा फोन करण्याची वेळ ताईंवर यावी, हे मला नको होतं.

मी पहिला रस्ता घेतला, पण रकमेचे दोन भाग केले. एक भाग ताईंना विनाअट, त्यांना वाटेल तसा वापरायला. नातीच्या लग्नात उडवला तरी तो त्यांचा अधिकार. दुसऱ्या, मोठ्या भागाबद्दल त्यांच्याशी बसून बोलले. साठी उलटलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, 30 लाखांपर्यंत, व्याज दर तीन महिन्यांनी. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना एकट्याच्या नावे 9 लाखांपर्यंत, व्याज दरमहा. पोस्टातल्या खात्याचा ताईंना सराव व्हावा म्हणून एक छोटं खातं त्यांनी आत्ताच उघडलं आहे. दर महिन्याला व्याज जमा होतं, पासबुक त्या स्वतः भरून आणतात. पैशाची सवय अशीच होते.

रक्कम किती, हे आकडेमोड करून ठरवा. समजा 20 लाख ठेवले आणि व्याज 7 टक्के मिळालं, तर वर्षाचे 1,40,000, म्हणजे महिन्याला साडेअकरा हजारांच्या थोडं वर. घरभाडं नाही असं धरलं तर एका माणसाचं आज भागतं. पण महागाई 6 टक्के राहिली तर बारा वर्षांनी त्याच पैशात निम्मंच सामान येईल. त्यामुळे आजच्या खर्चाला पुरेल एवढीच रक्कम ठेवू नका, आणि दवाखान्यासाठी वेगळे ठेवा.

बँकेतल्या अनुभवातून एक सांगते, वकिलांच्याही नजरेतून हे कधी कधी सुटतं. ‘अमुक बँकेतली अमुक क्रमांकाची ठेव ताईंना’ असं लिहू नका. ठेव मुदत संपून मोडली, दुसऱ्या बँकेत गेली, क्रमांक बदलला, की ती विशिष्ट वस्तू मृत्यूच्या वेळी अस्तित्वातच नाही असं ठरून ते देणंच बुडू शकतं. ‘माझ्या सर्व ठेवी व बचत खात्यांतील एकूण रकमेतून प्रथम इतके रुपये श्रीमती अमुक यांना द्यावेत व उरलेली रक्कम दोन्ही पुतण्यांना समान द्यावी’ असं लिहा. ‘प्रथम’ हा शब्द लिहायला विसरू नका.

पहिले काही महिने

मृत्युपत्राचा व्यवस्थापक, ज्याला आपण एक्झिक्युटर म्हणतो, त्याला देणी वाटायला कायद्याने एक वर्षापर्यंत सवड असते. तोवर ताईंनी खायचं काय? यासाठी एक लहान ठेव वेगळी ठेवा, वर्षभराच्या खर्चाएवढी, आणि तिला नॉमिनी ताईंना करा. नॉमिनीला बँक कागदपत्रं बघून पंधरा दिवसांत पैसे देते, कोर्टात जावं लागत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, पण या ठेवीला एकच पुरे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. तो पैसे स्वीकारणारा. ते शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसाहक्क ठरवतो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्ये सांगितलं (2015 पासून नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर विम्यात वेगळा नियम आहे), शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत 2023 मध्ये. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनी हंगामी सभासदच असतो. म्हणून त्या छोट्या ठेवीवर नॉमिनी ताई आणि मृत्युपत्रातही ‘मी ताईंना नॉमिनी केलेली ठेव त्यांच्याच मालकीची राहील’ असं दोन्हीकडे लिहिलं आहे. सदनिकेची नॉमिनी भाची, मालकही भाची. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसराच, असं झालं की माझ्या टेबलावर दोन्ही माणसं एकाच दिवशी भांडत यायची.

संशयाला जागा ठेवू नका

नात्यातल्यांना डावलून घरकामाच्या बाईला काही दिलं, की पहिला आरोप ठरलेला: हिने म्हातारीला फितवलं. मृत्युपत्राचा फायदा ज्याला होतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतलेला दिसला, तर न्यायालय संशयाने बघतं आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. 1959 पासून हे तत्त्व रुळलेलं आहे. त्यामुळे ताईंना या कामापासून पूर्ण दूर ठेवा. वकील तुम्ही शोधा, फी तुमच्या खात्यातून द्या, रिक्षातसुद्धा त्यांना बरोबर नेऊ नका. मजकूर तुमच्या भाषेत, मराठीतच करून घ्या. वकिलाने इंग्रजीत केलेलं मृत्युपत्र मराठी माध्यमात शिकलेल्या बाईला नीट समजलं होतं का, असा प्रश्न उद्या कोणी विचारू नये.

कारणं लिहा. मी एक अख्खा परिच्छेद लिहिला आहे: यजमानांच्या आजारपणात ताईंनी काय केलं, पुतण्यांवर माझा राग का नाही, त्यांची घरं आहेत म्हणून त्यांना ठेवी आणि भाचीला घर का. नातेवाइकांना काही ना काही द्याच. अजिबात न दिलेला माणूस भांडायला मोकळा असतो.

दोन साक्षीदार लागतात. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझी सही’ असं तुम्ही त्यांना स्वतः सांगितलेलं असावं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे ते किंवा त्यांचे जोडीदार साक्षीदार नकोत. तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान निवडा, कारण उद्या गरज पडली तर निदान एकाला कोर्टात येऊन सांगावं लागेल. मी एक साक्षीदार आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना केलं आणि मी शुद्धीत, समजून सही करते आहे असं त्यांचं त्याच तारखेचं प्रमाणपत्र जोडलं.

नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं. पण तुमच्या लाभार्थींत घरकामाची बाई असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी कराच. खर्च किरकोळ असतो, आणि मूळ कागद हरवला किंवा कोणी हरवला, तरी नोंद राहते. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, मुंबईतल्या मिळकतींसाठी वर्षानुवर्षं सक्तीचा होता. त्या नियमात बदल झाला आहे, तेव्हा मुंबईकरांनी आजची स्थिती वकिलाला विचारावी. पुण्यात मला त्याची सक्ती नाही, तरीही तंटा झाल्यास प्रोबेट घ्यावं असं मी एक्झिक्युटरला लिहून ठेवलं आहे.

ताईंचं नाव. त्यांना सगळी सोसायटी ज्या नावाने हाक मारते ते आधार कार्डावर नाही, आणि बँकेच्या पासबुकात नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. आधी आधार, पॅन, पासबुक एकसारखं करून घ्या, मग मृत्युपत्रात पूर्ण नाव, वय, मूळ गाव आणि ‘उर्फ’ लावून हाकेचं नावही लिहा.

ताई माझ्या आधी गेल्या तर? लाभार्थी आधी वारला की ते देणं साधारणपणे रद्द होऊन उरलेल्या मिळकतीत मिसळतं. मला ते मान्य नव्हतं. राहण्याचा हक्क त्यांच्याबरोबर संपेल, पण त्यांची रक्कम त्यांच्या नातीला मिळेल असं लिहिलं आहे. ती अठराची होईपर्यंत एक्झिक्युटरने ती तिच्या नावे ठेवीत ठेवायची.

एक्झिक्युटर मी भाचीला केलेलं नाही. घराची मालक तीच आणि ताईंचा हक्क जपणारीही तीच, ही अडचणीची जागा आहे, माणूस कितीही चांगला असला तरी. बँकेतला माझ्याहून वीस वर्षांनी लहान सहकारी आहे, त्याने होकार दिला. त्याच्या पाठोपाठ दुसरं नावही लिहिलं आहे. घराच्या किल्लीचा एक जोड त्याच्याकडे आहे आणि माझ्यामागे कोणी कुलूप बदलायला आलं तर ताईंनी पहिला फोन त्यालाच करायचा आहे.

मग सगळ्यांना बोलावून सांगितलं. पुतण्यांना आधी, कारण दुखावण्याची शक्यता त्यांचीच जास्त होती. धाकटा गप्प झाला. थोरल्याने विचारलं, ‘काकू, मेंटेनन्स वाढला तर भाचीला परवडेल का?’ प्रश्न बरोबर होता. म्हणून पुरवणी मृत्युपत्र करून दोन वर्षांच्या मेंटेनन्सएवढी रक्कम भाचीला वेगळी ठेवली, त्याच पद्धतीने, दोन साक्षीदारांसमोर. मूळ मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायलाच वेळ लागतो. माझं एक्झिक्युटरकडे आहे, नोंदणीची पावती माझ्या कपाटात, आणि राहण्याच्या हक्काच्या कलमाची एक प्रत सीलबंद पाकिटात सोसायटीच्या सचिवांकडे, पोहोच घेऊन.